भूकंपाच्या नोंदी आणि कोयनेचा विभंग

दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसराला ६.३ परिमाणाच्या भूकंपाचा धक्का बसला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो घरे कोसळली आणि कोयनेची वीज बंद पडल्याने मुंबईतील कारखान्यांची चाके थांबली. तोपर्यंत दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. जमिनीखाली नेमके काय घडले, हा प्रश्न त्यामुळे शास्त्रज्ञांपुढे आणि शासनापुढेही तितक्याच तीव्रतेने उभा राहिला.

कित्येक किलोमीटर खोलीवरील खडक डोळ्यांनी पाहता येत नाहीत. त्यांच्या हालचालीची हकीकत सांगणारा मुख्य साक्षीदार म्हणजे भूकंपालेख, अर्थात भूकंपमापकाने उमटविलेली नागमोडी रेषा. ती वाचण्याच्या कामी पुणे शहराचा वाटा मोठा आहे. कोयना जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. तेव्हा खडकवासला येथील केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने कोयनेभोवती भूकंपमापक बसविले. पुण्यातील हवामानशास्त्र विभागाची वेधशाळाही त्या काळी जागतिक प्रमाणित भूकंपमापक जाळ्यातील एक केंद्र होती.

रेषेतून अंतर कसे कळते ?

भूगर्भातील खडकांत जुनी भेग असते व तिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या मानाने सरकलेले असतात. अशा भेगेला विभंग म्हणतात. दीर्घकाळ साठलेला ताण असह्य झाला की, विभंगाच्या दोन्ही बाजू अकस्मात सरकतात आणि तरंग बाहेर पडतात. प्राथमिक तरंग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने, तर दुय्यम तरंग सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने धावतात. कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत सुमारे १२५ किलोमीटरवर आहे. म्हणून कोयनेच्या धक्क्याचा पहिला तरंग सुमारे २१ सेकंदांत व दुसरा सुमारे ३६ सेकंदांत पुण्यास पोहोचतो. या १५ सेकंदांच्या फरकावरून अंतर निघते; तीन किंवा अधिक केंद्रांची अंतरे जुळविली की भूकंपाचे स्थान ठरते.

दिशा कोणती ?

पहिल्या तरंगाने जमीन ढकलली की ओढली, हेही नोंदीत दिसते. विभंग सरकताना काही दिशांतील केंद्रांना ढकल मिळते, तर काहींना ओढ. ही केंद्रे नकाशावर मांडली असता त्यांचे चार भाग पडतात आणि त्यांना विभागणारी दोन प्रतले मिळतात. मात्र त्यांपैकी खरा विभंग कोणता, हे या पद्धतीने कळत नाही. त्यासाठी नंतरच्या लहान धक्क्यांची रांग आणि जमिनीवरील खुणा पाहाव्या लागतात. कोयनेस दोनाचीवाडी परिसरात जमिनीला पडलेल्या भेगांनी हा निर्णय सोपा केला. विभंग साधारणपणे उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य असा असून त्याच्या दोन्ही बाजू आडव्या सरकल्या होत्या. एका बाजूस उभे राहून पाहिल्यास समोरची बाजू डावीकडे गेली होती. याउलट ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात एका बाजूचा खडक दुसऱ्यावर चढला होता.

किती सरकला ?

विभंगाच्या सरकलेल्या भागाचे क्षेत्रफळ, सरकण्याचे सरासरी अंतर आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार म्हणजे भूकंपाचे आघूर्ण. उदाहरणार्थ, २० किलोमीटर लांब व १० किलोमीटर रुंद पट्टा अर्धा मीटर सरकला असे समजल्यास सुमारे ६.३ परिमाणाचा भूकंप होतो. परंतु सर्व पट्टा एकाच क्षणी व सारखाच सरकत नाही. एका ठिकाणी सुरुवात होते आणि फाटण्याची क्रिया सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने पुढे जाते. कोठे खडक अधिक सरकतो, कोठे कमी.

ही तफावत शोधण्यासाठी विभंगाचे लहान लहान चौकोन कल्पिले जातात. एकेक चौकोन ठराविक अंतर सरकला, तर प्रत्येक केंद्रावर कशी रेषा उमटेल, याचे गणित संगणकाने केले जाते. मग या सर्व रेषांची बेरीज प्रत्यक्ष नोंदीशी जास्तीत जास्त जुळेल, अशा रीतीने प्रत्येक चौकोनाचे सरकणे ठरविले जाते. निरनिराळ्या ठिकाणांहून ऐकू आलेल्या आवाजावरून ढोल वाजविणाऱ्यांच्या जागा ओळखण्यासारखेच हे आहे. केंद्रे थोडी व दूर असतील, तर एकाच नोंदीला अनेक उत्तरे जुळतात. म्हणूनच जवळच्या नोंदींना मोल आहे.

धरणातील नोंद

१९६७ साली अशी एक नोंद हाती आली. कोयना धरणाच्या गॅलरीतील प्रवेगमापकाने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वप्रवेगाच्या ०.६३ पट इतका हादरा टिपला. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले व पुढे त्याचे मजबुतीकरण करण्यात आले. इतक्या जवळून घेतलेल्या नोंदी त्या काळी जगात मोजक्याच होत्या. धरणांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणारे देशोदेशींचे अभियंते तिचा आधार घेत आले आहेत.

या परिसरात १९६७ नंतरही पाच व त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप झाले. ते सुमारे २० किलोमीटर रुंद व ३० किलोमीटर लांब अशा मर्यादित क्षेत्रात एकवटलेले असल्यामुळे विभंगाच्या अभ्यासास कोयनेसारखी जागा विरळाच. याच हेतूने कराडजवळ हजारमाची येथे केंद्र शासनाची प्रयोगशाळा उभारण्यात आली आणि २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल विवर खोदण्यात आले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीच्या काळ्या कातळाखाली ग्रॅनाइटी खडक लागला.

उपयोग काय ?

या गणिताने पुढील भूकंपाची तारीख कळत नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे. कळते ते एवढेच, की अमुक विभंग सरकल्यास कोणत्या गावची जमीन किती व कोणत्या प्रकारे हादरेल. त्या अंदाजावर धरणे, पूल, शाळा व घरे यांचे आराखडे आधारता येतात. किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो लोक दगावले. भिंतीच्या आरपार जाणारे दगड, कोपऱ्यांची पक्की बांधणी आणि दरवाजांच्या माथ्यावरून सर्व भिंतींना वेढणारा सलग काँक्रीटचा पट्टा, एवढ्या गोष्टींनी घराचे बळ कितीतरी वाढते. शाळेची खोली वा समाजमंदिर बांधताना हा पट्टा आराखड्यात आहे व प्रत्यक्ष भिंतीतही आला आहे, हे पाहणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे.