मियाटाचं कार्पेट ओलं? छत बदलायची घाई नको

माझदाची एमएक्स-५ मियाटा ही दोन सीटची, कापडी छताची गाडी १९८९ साली आली. जुन्या मियाटात पावसानंतर कार्पेट ओलं दिसलं, की पहिला संशय छतावर जातो. नवं छत म्हणजे मोठा खर्च! त्याआधी सीटमागचे दोन्ही कोपरे बघा. छतावरून ओघळलेलं पाणी तिथल्या नळ्यांतून गाडीखाली पडतं. पानं, माती अडकून नळी तुंबली की ते आत साचतं आणि दाराखालचा पत्रा आतून गंजतो. हा गंज बाहेर दिसेपर्यंत बराच पत्रा गेलेला असतो. नळीच्या तोंडाशी कपभर पाणी हळूच ओता. मागच्या चाकापुढे खाली टपकलं, तर वाट मोकळी. नाहीतर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी अलगद आत फिरवा. टोकदार तार मात्र नको, नळीला भोक पडू शकतं.