बोटभर मावळा, पण माणसासारखा

दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे विकले जातात दिवाळीच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत, पण त्यांचं काम पावसाळ्यातच हातात घ्यावं लागतं. माती सावलीत वाळायला वेळ लागतो, रंगाला वेळ लागतो. बाजारात साच्यातले, प्लॅस्टरचे मावळे स्वस्तात मिळतात. भावात आपण त्यांच्याशी स्पर्धा करू शकत नाही. गिऱ्हाईक आपला मावळा चार पैसे जास्त देऊन का घेईल? तो हातात घेतल्यावर जिवंत वाटला तरच. तर हे जिवंतपण कशातून येतं ते आज बघू.

पहिली गोष्ट माप. साडेपाच फुटांचा, म्हणजे साधारण 165 सेंटिमीटर उंचीचा माणूस आपण वीस पटीनं लहान करायचा ठरवला, तर मावळा सव्वाआठ सेंटिमीटरचा होतो. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साडेसात पट असते. म्हणजे आपल्या मावळ्याचं डोकं, हनुवटीपासून टाळूपर्यंत, 11 मिलिमीटरचं. पगडी यात धरायची नाही.

आपल्यातल्या बऱ्याच जणी गणपती करतात. इथे एक सांभाळायचं. आपल्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याच्या लांबीला ताल म्हणतात आणि एका तालाची 12 अंगुलं धरतात. नवताल मूर्ती 108 अंगुलांची होते. गणपती मात्र पंचताल सांगितला आहे. म्हणून तो ठेंगणा, मोठ्या डोक्याचा आणि गोजिरा दिसतो. गणपतीला बसलेला हात मावळ्याचंही डोकं नकळत मोठं करतो, आणि मग तो लढवय्या न दिसता मिशा लावलेलं लहान मूल दिसतो.

बाकीची मापं लक्षात ठेवायला आपलं अंगच पुरे. आत्ता उभ्या राहून बघा. शरीराचा मध्य बेंबीशी नसतो, तो खाली, मांड्या सुरू होतात तिथे असतो. हात सैल सोडला की कोपर कमरेशी येतं आणि बोटं अर्ध्या मांडीपर्यंत पोचतात. तळहात चेहऱ्यावर ठेवला तर हनुवटीपासून कपाळापर्यंत पुरतो. आणि डोळे! ते डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात, वर नाही. म्हणून आधी डोकं पूर्ण गोल करा आणि पगडी त्याच्यावर बांधा. चेहऱ्यावर सरळ पगडी चिकटवली तर कवटीला जागाच उरत नाही.

ही मापं बांबूच्या एका काडीवर खुणांनी कोरून घ्या आणि तशीच काडी गटातल्या प्रत्येकीला द्या. एकीच्या मावळ्याचं डोकं नारळाएवढं आणि दुसरीच्या मावळ्याचं सुपारीएवढं असेल, तर बारा जणांचा संच कोणी घेत नाही. शाडू वाळताना आखडते, हेही धरायला हवं. मातीच्या पट्टीवर 10 सेंटिमीटरची रेघ ओढा, पट्टी वाळली की पुन्हा मोजा. जेवढी घट आली, त्या हिशेबानं ओला मावळा मोठा करा.

आता दुसरी गोष्ट. ती उलटी वाटेल, पण खरी कारागिरी तिथेच आहे. सगळंच वीस पटीनं लहान करायचं नाही. उंची, सांधे आणि हातापायांची लांबी मापात ठेवायची. जाडी आणि बारकावे मात्र वाढवायचे. खऱ्या तलवारीचं पातं पाच मिलिमीटर जाड धरलं, तर वीस पटीनं ते पाव मिलिमीटर होईल. मातीत ते टिकणार नाही आणि डोळ्यालाही दिसणार नाही. म्हणून तलवारीची लांबी पाच सेंटिमीटरच्या आसपास खरी ठेवा, जाडी दोन मिलिमीटर करा. ढाल अडीच सेंटिमीटरची पुरते. भाल्याला खराट्याची काडी लावा.

कपड्याच्या चुण्यांचंही तसंच. कमरेच्या शेल्याला खऱ्यात वीस चुण्या असतात. तेवढ्या कोरल्या तर सगळं खरबरीत दिसतं. तीनच कोरा, पण खोल. खोल रेघेत सावली पडते आणि ती सावलीच आपल्याला चुणी म्हणून दिसते. डोळ्यांनाही हेच लागू. पापणी, बुबुळ काढत बसू नका. भुवईखाली एक खोल खाच द्या, नाक ठळक ठेवा, मिशी जाड ठेवा. पंजा मापापेक्षा किंचित मोठा चालतो, कारण मूठ दिसली पाहिजे.

किल्ला अंगणात जमिनीवर असतो. बघणारा उभा असतो आणि वरून बघतो. त्याला आधी दिसतात पगडी, खांदे, पाठीवरची ढाल. म्हणून मेहनत तिथे घाला. रंगवतानाही वरच्या भागाला फिकट आणि खाचांत गडद रंग द्या.

तिसरी गोष्ट इतिहासाची. आपला मावळा बघून मूल ठरवतं की शिवकाळातला सैनिक असा होता. मग त्याला गुडघ्यापर्यंत बूट, छातीवर बिल्ले कशाला? डोक्याला मुंडासं, अंगात बाराबंदी किंवा अंगरखा, कमरेला शेला, पाठीवर ढाल. पुणेरी पगडी नंतरच्या काळातली आहे, ती इथे नको. बंदूक दिलीत तर तोड्याची द्या, म्हणजे जळत्या वातीनं उडणारी. घोडा केलात तर आजच्या शर्यतीच्या घोड्यासारखा उंच नको. दख्खनचा भीमथडी घोडा ठेंगणा आणि काटक. पुण्याला गेलात तर राजा केळकर संग्रहालयातली शस्त्रं बघून या, मूठ कशी असते ते नीट कळेल. शिवाजी महाराजांची 17व्या शतकातली चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांची छायाचित्रं मोबाईलवर सहज सापडतात. अंगरख्याची आणि पगडीची ठेवण त्यात बघून घ्या.

शेवटी टिकाऊपणा. मावळा मोडतो तो बहुधा घोट्यात, कारण सगळं वजन तिथे येतं. दोन पायांच्या मध्ये दगड किंवा झुडूप करून ते तळाला जोडा. साच्यातून काढायचा असेल तर हात अंगाला चिकटलेले ठेवा आणि तलवार वेगळी लावा, नाहीतर साच्यात अडकून हातच तुटेल. आणि किल्ल्यावर मुलं अळीव पेरतात, रोज पाणी शिंपडतात. कच्च्या शाडूचे पाय त्या ओलाव्यानं विरघळतात. तळाला ऑइलपेंटचा हात द्या, आणि मावळा कौलाच्या तुकड्यावर उभा करायचा, असं गिऱ्हाइकाला सांगून ठेवा.

पहिला मावळा वाळला की तो जमिनीवर ठेवा, दोन पावलं मागं सरका आणि उभ्यानं बघा. तिथून तो माणूस वाटला, त्याच्या हातात काय आहे ते ओळखू आलं, की साचा करायला घ्या. ते होत नसेल तर रंग काढूच नका, आधी माती दुरुस्त करा. रंगानं माप झाकत नाही. भाव ठरवताना मातीच्या पैशात ही कोरणीची मजुरी धरायला मात्र विसरू नका.