गणतीनें लागलेला शोध

इ. स. १८५४ सालीं लंडन शहरांत पटकीनें हाहाकार उडविला. हा रोग दूषित हवेनें होतो असें त्या काळचे बहुतेक वैद्य मानीत. डॉक्टर जॉन स्नो ह्यांस मात्र पाण्याचा संशय होता. पण संशय म्हणजे सिद्धान्त नव्हे.

दक्षिण लंडनच्या कित्येक आळ्यांत शेजारशेजारच्या घरांस दोन निरनिराळ्या कंपन्यांचें पाणी येई. हवा एक, वस्ती एक. गरीब व श्रीमंत दोहोंकडे सारखेच. भेद काय तो पाण्याचा. लँबेथ कंपनी १८५२ पासून थेम्स नदीचें पाणी शहराच्या वरच्या अंगास घेई. साउथवर्क-व्हॉक्सॉल कंपनी मात्र शहराचा मैला मिसळलेलें पाणी घेई. स्नो ह्यांनीं घरोघर चौकशी करून मृत्यूंची मोजदाद केली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागें लँबेथकडे ३७, तर दुसरीकडे ३१५ मृत्यू!

तरीहि अधिकाऱ्यांस हें मत लवकर पटलें नाहीं. पुढें १८८४ सालीं रॉबर्ट कॉख ह्यांनीं कलकत्त्यास संशोधन करून पटकीच्या जंतूची ओळख जगास पटविली. तेव्हां स्नो निवर्तून २६ वर्षें लोटलीं होतीं.

जंतु न पाहतां, केवळ गणतीच्या बळावर स्नो ह्यांनीं रोगाची वाट शोधिली. वैद्यक आणि समाजाची पाहणी ह्यांचा असा संगम झाला, म्हणूनच साथीच्या रोगांच्या शास्त्राचे ते एक जनक मानले जातात. विद्यार्थिमित्रांनो, रूढ मत कितीहि थोरांचें असो, तें मोजून पाहण्याची संवय आपण लावून घेऊं या. त्यांत माणसांचे प्राण गुंतलेले असतात.