पाटी वाचून कादंबरी सापडत नाही

पाचगणीजवळच्या भिलार गावाला २०१७ साली ‘पुस्तकांचं गाव’ ही नवी ओळख मिळाली. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात घराघरांत पुस्तकं मांडली गेली आणि ती साहित्यप्रकारांनुसार लावली गेली. एका घरी इतिहास, दुसऱ्या घरी बालसाहित्य, कुठे कविता, कुठे कादंबरी. पाहुण्याने पाटी वाचावी, आत जावं, निवांत बसून हवं ते वाचावं. व्यवस्था छानच आहे. पण ज्याला हातातून खाली ठेववणार नाही अशी कादंबरी हवी असते, त्याचं पाटीने भागत नाही. पुस्तकात राजा आहे, भूत आहे, खून आहे की प्रेमात पडलेली माणसं आहेत, एवढंच पाटी सांगते. तिसाव्या पानावरून एकतिसाव्यावर आपण का जाऊ, हे तिला सांगता येत नाही. तरीही वाचायला काही शोधताना आपण पाटीपासूनच सुरुवात करतो. ‘मला रहस्यकथा आवडतात’, ‘मी ऐतिहासिकच वाचते’, ‘प्रेमकथा आपल्याला झेपत नाहीत’. ही वाक्यं खोटी नसतात, अपुरी असतात. लागोपाठ चार कादंबऱ्या अर्ध्यावर सोडाव्या लागल्या, तर त्याचं मूळ बहुधा या अपुरेपणात असतं. आवडलेल्या पुस्तकाचा विषय आपल्या लक्षात राहतो. प्रत्यक्षात आपल्याला धरून ठेवलेलं असतं ते लेखकाने त्या विषयातून निर्माण केलेल्या एका विशिष्ट जातीच्या ओढीने. तीच ओढ भलत्याच पाटीखालीही सापडू शकते.

आधी सर्वांत सोपा समज तपासू. वाचक पुढे वाचतो ते ‘पुढे काय होणार’ हे कळावं म्हणून, असं आपण धरून चालतो. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली. रथाचं चाक रुतणार आणि कर्ण मारला जाणार, हे पुस्तक उघडण्याआधी घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तरी वाचकांच्या पिढ्या ती वाचत आल्या. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’चंही (१९८८) तसंच. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झालं, हे मराठी माणसाला माहीत नसण्याची सोयच नाही. म्हणजे निकालाचं कुतूहल इथे काम करत नाही. मग काय करतं? ‘मृत्युंजय’ची रचना पाहिली की उत्तर मिळतं. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून बोलतात. एकाला ठाऊक आहे ते दुसऱ्याला नाही. कुंतीजवळ गुपित आहे आणि ती गप्प आहे. शोण भावावर जीव टाकतो, पण तो भाऊ मुळात कोणाचा, हे त्याला कळलेलं नाही. वाचकाला सगळंच माहीत असल्यामुळे प्रत्येकाचं अज्ञान त्याला टोचत राहतं. खांडेकरांच्या ‘ययाती’तही (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात, आणि एकाच घरातली ही माणसं एकमेकांना किती चुकीचं ओळखतात यातून ताण वाढत जातो. या दोन कादंबऱ्या आवडलेल्या वाचकाच्या हाती वाचनालयात सवयीने तिसरी पौराणिक कादंबरी ठेवली जाते. तो चाळीस पानांत कंटाळतो आणि आता पूर्वीसारखं कुणी लिहीत नाही अशी तक्रार करतो. त्याला महाभारत हवं होतं हाच गैरसमज होता. एकच घटना वेगवेगळ्या मनांतून बघण्याची त्याला गोडी लागली होती. इंग्रजी वाचणारा असेल तर विल्की कॉलिन्सची १८६८ सालची ‘द मूनस्टोन’ त्याला अधिक जवळची वाटेल. ती एका हिऱ्याच्या चोरीची कथा आहे, पाटी रहस्यकथेची, पण सांगणारे अनेक आणि प्रत्येकाची नजर अर्धवट.

प्रेमकथेचं कोडं याहून मजेदार आहे, कारण सर्वाधिक शिक्का तिच्यावरच बसतो. ना. सी. फडके हे तर्कशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. वाचकाला बांधून ठेवणं ही शिकता येण्याजोगी कारागिरी आहे असं ते मानत, आणि ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) त्यांनी ती उघडपणे मांडली. त्यांच्या कादंबऱ्यांत नायक-नायिका भेटतात, गैरसमज होतात, अडथळे येतात, सुटतात. कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, शैलजा राजे यांनी पुढे हा वाचकवर्ग आपापल्या परीने सांभाळला. पण प्रेमकथा म्हटल्यावर वाचनालयात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ किती जणांच्या हाती दिली जाते? नाव ऐकून ती युद्धकथा वाटते आणि समीक्षेने तिला श्रेष्ठ साहित्याच्या कपाटात नेऊन ठेवलं. १९३९ साली आलेली ही छोटी कादंबरी बोटीवर घडते. युरोपातून परतणारा चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हार्टा यांचा हा सहवास आहे. बंदर आलं की तो उतरणार आणि तिचा प्रवास पुढे चालू राहणार. उरलेले दिवस मोजत वाचावं लागतं, आणि हीच तिची पकड आहे. आता ‘स्वामी’ (१९६२) आठवून पाहा. पाटी ऐतिहासिक, पण असंख्य वाचकांनी ती माधवराव-रमाबाईंची प्रेमकथा म्हणून वाचली. क्षयाने पोखरलेल्या पेशव्याजवळ फार वेळ नाही, १७७२ मध्ये थेऊरला सगळं संपणार आहे, हे माहीत असल्यामुळे साधा संवादही जड होतो. पेशवाईतला वाडा आणि विसाव्या शतकातली बोट यांत पाटीच्या दृष्टीने काहीही समान नाही, वाचकाच्या दृष्टीने मात्र जवळजवळ सगळंच समान आहे.

भयकथेकडे वळलं की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. नारायण धारपांच्या ‘लुचाई’ आणि ‘शपथ’ या कादंबऱ्यांच्या मुळाशी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’ आणि ‘इट’ आहेत. उसनवारीचा आक्षेप घेता येतो आणि तो चुकीचा नाही. पण अमेरिकेतल्या आडगावची भीती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडली नसती. धारपांनी ती वाडा, जिना, माजघर, ओळखीचे शेजारी यांच्यात आणून बसवली, म्हणून ती लागली. आपल्याच घरावरचा भरवसा उडणं हे तिथलं खरं भय आहे, भूत हे निमित्त. शिवाय ‘शपथ’मध्ये दुसरीही एक ओढ आहे: लहानपणी एकत्र काही भोगलेल्या मित्रांचं नातं. ज्याला तीच भावली, त्याने पुढची भयकथा शोधण्यापेक्षा सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (१९८२) उघडावी. कॉलेजच्या कट्ट्यावरची ती कादंबरी २०१३च्या चित्रपटामुळे नव्या पिढीपर्यंत पोचली, आणि त्यांच्याच ‘समांतर’वर २०२० मध्ये वेबमालिका आली. बाबुराव अर्नाळकरांचा प्रकार आणखी वेगळा. त्यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार किंवा काळापहाड शेवटी हरणार नाही, हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असे. ती पुस्तकं नायकाच्या सोबतीसाठी वाचली जात, रहस्यासाठी कमीच. अशा वाचकाला हुशारीने गुंफलेलं एकटं रहस्य दिलं तर तो खट्टू होतो. त्याला पुन्हा पुन्हा भेटणारं माणूस हवं असतं.

मराठीत फॅंटसी नाही, ही तक्रार हॅरी पॉटर वाचून मोठी झालेली मुलं करतात. पाटी म्हणून ती बरीचशी खरी आहे. एके काळी मात्र चित्र वेगळं होतं. गो. ना. दातारांची ‘इंद्रभुवनगुहा’ किंवा नाथमाधवांची ‘वीरधवल’ या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत भुयारं, गुप्त कटकारस्थानं, वेषांतरं, अचाट साहसं यांची रेलचेल होती. इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कथानकांचा त्या काळातल्या लेखनावर मोठा प्रभाव होता. पुढे वास्तववादाने कादंबरीचा ताबा घेतला आणि अद्भुताला प्रौढांच्या कपाटात जागा उरली नाही. माझ्या मते अनोळखी, स्वतःचे नियम असलेल्या जगात शिरण्याची भूक त्यामुळे मेली नाही, ती घर बदलून राहिली. पौराणिक कादंबरीने तिचा मोठा वाटा उचलला. काही वाटा अगदी अनपेक्षित जागी गेला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्या आहेत, त्यांच्या हद्दी, त्यांची सत्ता, त्यांचं क्रौर्य आहे. कुणी तिला फॅंटसी म्हणणार नाही, आणि ती तशी नाहीही. पण माणसाचे नियम बाहेर ठेवून एका वेगळ्या जगात पूर्ण उतरण्याचा अनुभव ती देते. नंदा खरेंची ‘उद्या’ नजीकच्या भविष्यात घडते. साहित्य अकादमीने तिला पुरस्कार जाहीर केला, खरेंनी तो नाकारला, आणि त्या चर्चेत ती विज्ञानकथेच्या चाहत्यालाही आवडेल हे सांगायचं राहूनच गेलं. पाटीमुळे वाचक कसे निसटतात याचं याहून ठळक उदाहरण शोधावं लागणार नाही. उलट जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. प्रसिद्ध शास्त्रज्ञाचं नाव बघून परीक्षकांनी निकाल देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरं उलटी फिरवली होती, आणि कथेने नावावाचून पहिलं बक्षीस मिळवलं.

यावर एक जुना आक्षेप निघतो: खिळवून ठेवणं ही हलक्या साहित्याची खूण आहे, गंभीर वाचकाने ती शोधूच नये. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये साप्ताहिक काढलं त्याचं नाव ‘करमणूक’ ठेवलं आणि त्यातच ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापली. बालविवाह आणि वैधव्य भोगणाऱ्या यमूची ती आत्मकथा. आठवड्याला एक तुकडा, आणि वाचक पुढच्या अंकाची वाट बघणार. त्या काळच्या घरांतलं दुःख वाचकांपर्यंत पोचलं त्यात या वाट बघण्याचा वाटा आहे. आक्षेपाचा उलटा अर्थही खरा आहे, हे मान्य करायला हवं. पकड घेणारं प्रत्येक पुस्तक चांगलं नसतं. कित्येक चटकदार पुस्तकं आठवड्याभरात पूर्ण विसरली जातात. पण निवडताना ‘पकड घेतं का’ आणि ‘चांगलं आहे का’ हे दोन वेगळे प्रश्न ठेवले तर दोन्हींची उत्तरं प्रामाणिक मिळतात. त्यांची सरमिसळ झाली की शिफारशीची यादी न वाचलेल्या थोर पुस्तकांनी भरते.

दुसरा आक्षेप आजचा आहे. आवड ज्याची त्याची. शिवाय मोबाइलवरची वाचनाची आणि ऐकण्याची ॲप आपली आवड ओळखून पुढचं पुस्तक सुचवतातच, मग ही उठाठेव कशाला? ॲपची सोय खरी आहे. क्रमशः कथा तिथे पुन्हा जिवंत झाली, ही आपट्यांनाही आवडली असती अशी गोष्ट. पण तिथेही पुस्तकं प्रकारांच्या खणांतच मांडलेली असतात. एक भयकथा ऐकली की पाठोपाठ दहा भयकथा पुढ्यात येतात. ‘शपथ’ संपवणाऱ्यातल्या एकाला भूत आवडलं आणि दुसऱ्याला मैत्री, हा फरक खणाला कळत नाही. आवड ज्याची त्याची हे मान्य, म्हणूनच ती स्वतः तपासावी लागते, दुसऱ्यावर सोपवून भागत नाही. तपासणी फार अवघडही नाही. मनापासून आवडलेल्या तीन कादंबऱ्या घ्याव्यात, शक्यतो वेगवेगळ्या प्रकारांतल्या, आणि आपण नेमके कुठे वाचत बसलो होतो ते आठवावं. लढाईची पानं चाळत पुढे गेलो आणि दरबारातल्या कुजबुजीवर थांबलो, की नेमकं उलट केलं? शिफारस करणाऱ्यालाही ‘पुस्तक कसं आहे’ हे विचारून उपयोग नाही, ‘छान आहे’ एवढंच ऐकू येईल. ‘कुठल्या पानाला जेवायला उठायचा कंटाळा आला’ हे विचारलं तर तो खरं बोलेल.

जुन्या वाचनालयांत यासाठी एक उत्तम साधन होतं, काही ठिकाणी अजूनही आहे. पुस्तकाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर परत करायच्या तारखांचे शिक्के. पुरस्कारप्राप्त जाडजूड कादंबरीच्या चिठ्ठीवर दोन-तीन शिक्के आणि शेजारच्या, पुठ्ठा दोनदा बदललेल्या, नाव न ऐकलेल्या कादंबरीच्या चिठ्ठीला जागा पुरली नाही म्हणून वर दुसरी चिकटवलेली, असं दिसलं तर दुसरी हातात घ्यावी. पहिली वीस पानं तिथेच बाकावर वाचावीत. मलपृष्ठावरचा मजकूर टाळावा, कारण तो पाटीचंच काम करतो. त्या वीस पानांत एखादा प्रश्न मनात राहिला असेल तर पुस्तक घरी न्यावं. नसेल तर परत ठेवावं, मग लेखक कितीही मोठा असो. सुरू केलेलं पुस्तक पूर्ण केलंच पाहिजे हा हट्ट ताटातलं अन्न न टाकण्याच्या संस्कारातून आला असावा, पण इथे वाया काही जात नाही, पुस्तक पुढच्या वाचकासाठी जागेवर जातं. हिमालयात रस्ता बांधणाऱ्या तरुण इंजिनीयरची, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ (१९८१) प्रेमकथा नाही, रहस्यकथा नाही, युद्धकथाही नाही. नियम पाळायचा की आपल्याला बरोबर वाटतं ते करायचं, हा तिच्यातला पेच कोर्टातली रहस्यकथा आवडणाऱ्या वाचकाला सहज धरून ठेवेल. तो तिच्यापर्यंत पोचायचा मात्र पाटी बाजूला ठेवून.