घरगुती छायाचित्रें आणि चिमुकला फ्लॅश

आमच्या थोरल्या काकांना सारें घर ‘अण्णा’ म्हणे. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं घरचीं-दारचीं चाळीस माणसें जमलीं होतीं, आणि छायाचित्रें घेण्याचें काम आम्हीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतलें होतें. ओवाळणें झालें, अण्णा मनापासून हसले, आणि नेमक्या त्याच क्षणीं आम्हीं फ्लॅश उडविला. पुढें वर्षाच्या आंतच अण्णा गेले. भिंतीवर लावण्याजोगें एखादें चित्र असावें म्हणून त्या दिवसाचीं सारीं छायाचित्रें काढून पाहिलीं, तों एकाही चित्रांत त्यांचे डोळे दिसेनात! चष्म्याच्या कांचांवर दोन पांढरे ठिपके तेवढे होते. काकू कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं तें चित्र मुकाट्यानें आमच्या हातीं परत दिलें, आणि तें आम्हांस बोलण्याहून अधिक लागलें.

दोष यंत्राचा नव्हता, आमच्या अज्ञानाचा होता. तें दूर करण्याच्या खटपटींत जें हातीं आलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

क्षणिक प्रकाशानें चित्र घेण्याची विद्या जुनीच आहे. १८८७ सालीं जर्मनींत मीथे व गेडिके या दोघां गृहस्थांनीं मॅग्नेशियमच्या भुकटींत पोटॅशियम क्लोरेट वगैरे द्रव्यें मिसळून एक दारू सिद्ध केली. तिचा भडका उडाला कीं खोली धुरानें भरून जाई. १९२९ च्या सुमारास कांचेचे बंद दिवे आले, पण प्रत्येक दिवा एकदांच पेटे. पुढें १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हॅरोल्ड एजर्टन यांनीं विजेच्या क्षणिक झगमगाटाचा पुनःपुन्हां उपयोग करण्याची युक्ति छायाचित्रणांत रूढ केली. आजचे फ्लॅश याच वंशांतले. सेलांची वीज आंत सांठते आणि कळ दाबतांच झेनॉन वायूनें भरलेल्या नळींतून एका सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाइतक्या अल्प काळांत बाहेर पडते.

मोठे फ्लॅश शक्तिमान् खरे, परंतु ते जड असल्यामुळें बहुधा कपाटांतच राहतात. उलट चिमुकला फ्लॅश पिशवींत सहज मावतो, म्हणून प्रसंगीं हाताशीं असतो. उदाहरणार्थ, २००६ सालीं निघालेला निकॉनचा एसबी-४०० घ्या. सेलांवांचून त्याचें वजन अवघें १२७ ग्रॅम. त्यास दोन पेन्सिल सेल पुरतात. परंतु त्याचा खरा गुण हा कीं, त्याला मान वर करितां येते. अण्णांच्या चित्राचें रहस्य याच मानेंत होतें.

फ्लॅश समोरून तोंडावर मारला म्हणजे चष्म्याची कांच चमकते, चेहरा सपाट दिसतो, मागील भिंतीवर काळीकुट्ट सांवली पडते. भिंगाच्या अगदीं शेजारून निघालेला प्रकाश डोळ्याच्या मागील रक्तमय पडद्यावरून परत येतो, तेव्हां मुलांचे डोळे लाल दिसतात. शिवाय अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाईवर येतो. त्यामुळें एकत्र कुटुंबाच्या चित्रांत पुढील नातवंडें पांढरींफटक आणि मागील वडील मंडळी अंधारांत, असा विपरीत न्याय होतो!

यावर उपाय सोपा आहे. फ्लॅशचें तोंड छताकडे करावें. मग सारें छतच एक मोठा दिवा बनतें, प्रकाश मऊ होऊन वरून उतरतो आणि चष्म्याची चमक बहुतेक वेळां भिंगाकडे येतच नाहीं. मात्र छत पांढरें व बेताच्या उंचीचें असावें. रंगीत असल्यास तोच रंग चेहऱ्यांवर चढतो. कौलारू घरांत छत नसतें. तेथें कॅमेरा उभा धरावा, म्हणजे वर केलेली मान आपोआप बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळते. असा परतून आलेला प्रकाश बराच क्षीण होतो, यासाठीं भिंगाचें छिद्र मोठें करावें व आयएसओ ८०० पर्यंत वाढवावा. निरंजनांचा मंद उजेडही चित्रांत यावा असें वाटत असेल, तर शटरचा काळ एक तीसांश सेकंद ठेवावा आणि हात स्थिर असावा.

दुपारीं ओसरीवर, पाठीशीं ऊन असतां चेहरे काळे पडतात. अशा वेळीं मात्र फ्लॅश समोरूनच, पण शक्ति कमी करून वापरावा. सांवल्या उजळतात आणि उन्हाची शोभाही राहते. फोनमधील दिवा भिंगाशेजारींच खिळलेला असतो, त्यास मान नाहीं. फोन हातीं असेल तर माणसास खिडकीजवळ बसविणें हेंच उत्तम.

आणखी एक सूचना करावीशी वाटते. मंगलाष्टकें चाललीं असतां अंतरपाटाच्या दोहों बाजूंनीं सारखे लखलखाट करणें शोभत नाहीं. दोनच चित्रें घ्यावीं, पण तीं विचारानें घ्यावीं.

गेल्या दिवाळींत भाऊबीजेच्या ओवाळणीच्या वेळीं आम्हीं काकूंचें चित्र घेतलें. फ्लॅश होता तोच, मान तेवढी वर केली होती. चित्र पाहून काकू चष्मा पुसूं लागल्या व म्हणाल्या, “हें असंच त्यांचंही यायला हवं होतं रे.” आमच्यापाशीं त्याला उत्तर नव्हतें. ज्यांच्या घरीं वडीलधारीं माणसें आज हसतीं-बोलतीं आहेत, त्यांनीं ही युक्ति उद्यांवर टाकूं नये.