शाळेच्या छतावरील सूर्य आणि आपला वाटा

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकाद्वारे पृथ्वी ह्या आपल्या सामायिक घराची काळजी घेण्याचे आवाहन केले. धर्मग्रामाच्या वर्गणीतून शाळेच्या छतावर सौरसंच बसविणे हा त्यास दिलेला एक प्रतिसाद होय. 'प्रधानमंत्री सूर्यघर' ह्या २०२४ च्या योजनेचे अनुदान घरगुती ग्राहकांसाठी असल्याने शाळेला असा आधार मोलाचा ठरतो.

१० किलोवॅटच्या संचास सुमारे १०० चौरस मीटर सावलीविरहित छत लागते. तो दिवसाला सरासरी ४० युनिट वीज देतो. पॅनेलमधील वीज इन्व्हर्टरमार्फत वर्गांना मिळते. उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते व नेट मीटरवरील नोंदीनुसार तिची बिलात वजावट होते. त्यामुळे मे महिन्यात शाळा बंद असतानाही ऊन वाया जात नाही.

मात्र बॅटरी नसलेला संच वीजपुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतो. वाहिनीवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सुरक्षेसाठी तशी योजना असते. हे दात्यांना आधीच सांगावे. रक्कम देणगी आहे की उसनी, हेही लेखी ठरवावे.

पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकतात. इन्व्हर्टर त्याआधी बदलावा लागतो. बचतीतून त्याची तरतूद करून उरलेली रक्कम गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्कास लावावी, असे आम्हांस वाटते. प्रभूचा सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो. त्याचा लाभही सर्वांपर्यंत पोहोचावा.