पाहुण्यांचा रविवार आणि आपल्या मुलांचा



खालच्या गावांत शनिवार-रविवार म्हणजे सुट्टी. आपल्या पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर मात्र हेच दोन दिवस खऱ्या कामाचे. शुक्रवारी संध्याकाळपासून पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग लागते. कुणी खोल्या भाड्यानं दिलेल्या, कुणी कणसं भाजायला बसलेली, कुणाचा नवरा टॅक्सीवर तर कुणाचा दीर घोड्यामागं. आणि शाळेला सुट्टी नेमकी त्याच दिवशी. मग पोरं काय करतात? मोठी पोरं दुकानात हाताशी येतात, धाकटी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसतात. पुण्या-मुंबईची मुलं दोन दिवसांत आपलं सगळं गाव बघून जातात. आपल्याच मुलांना विचारून बघा, कृष्णेचा उगम कुठं होतो हे त्यांना पाठ असतं, पण तिथल्या गोमुखाखाली ओंजळ कितीजणांनी धरलीय?

म्हणून आज बोलायचंय ते आपल्या मुलांच्या रविवारबद्दल. पैसे फारसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि तोच आपल्याकडं नसतो. त्यावरचा उपाय आपल्याला शेतातून माहीत आहे. भातलावणीला आपण सावड करतो ना? आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. तशीच सावड मुलांची करायची. आळीतल्या चार घरांनी ठरवायचं, की या रविवारी एकीनं किंवा एखाद्या आजीनं सात-आठ मुलं घेऊन निघायचं, बाकी तिघींनी धंदा बघायचा. महिन्यातून एकीची पाळी एकदाच येते. मुलांना मात्र चारही रविवार मिळतात. आता एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनाही अर्धं आहे, आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर तिकीटच नाही. म्हणजे आजी बरोबर असली की खर्च कमी आणि गोष्टी जास्त!

जायचं कुठं? सुरुवात भिलारपासून करा. पाचगणीहून अगदी जवळ. स्ट्रॉबेरीसाठी आपण ते ओळखतोच, पण ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालंय. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली. फरक एवढाच, की तिथं मुख्यतः जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, आणि आपल्याकडं पुस्तकं राहत्या घरांत ठेवलीत. सुरुवातीला पंचवीस जागा निवडल्या, त्यात घरं होती, देऊळ होतं, शाळा होती. सुमारे पंधरा हजार मराठी पुस्तकं तिथं आली. कुठल्या घरात इतिहास, कुठं कादंबऱ्या, कुठं कविता, कुठं संतसाहित्य, अशी वाटणी आहे. बालसाहित्याचं घर वेगळं. बाहेर पाटी असते, भिंतीवर चित्रं काढलेली असतात. आत जायचं, पुस्तक काढायचं, बसून वाचायचं, परत जागेवर ठेवायचं. पैसे लागत नाहीत.

मला या गावाचं कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. वाचनालय म्हटलं की एक इमारत, एक कुलूप आणि ठरलेली वेळ असं आपल्या डोक्यात बसलंय. भिलारमध्ये घरची बाई स्वयंपाक करत असते आणि ओसरीवर चार अनोळखी माणसं वाचत बसलेली असतात. म्हणजे पुस्तकं सांभाळायला घर सोडून जावं लागत नाही. आपल्यातल्या जिच्याकडं खोल्या आहेत, जिला शनिवारी घराबाहेर पाऊलही टाकता येत नाही, तिनं हे ध्यानात घ्यावं. पडवीत एक फळी, त्यावर तीस-चाळीस पुस्तकं, खाली सतरंजी, एवढ्यावर आळीतली पोरं दुपारभर बसतात. पाहुण्यांची मुलंही त्यांच्यात येऊन बसतील, आणि बसू द्यावीत.

भिलारला नेल्यावर मुलांवर एक सक्ती करू नका, ती म्हणजे पुस्तक पुरं करण्याची. लहान मुलं दहा पुस्तकांची चित्रं चाळतात, अकराव्याशी थांबतात. जरा मोठ्यांना सांगा, की एक गोष्ट नीट वाचून ठेव आणि परतीच्या एसटीत आम्हाला सांग. घाटात पोटात ढवळत असताना गोष्ट चालू असली की बरं असतं, हा अनुभव कुणीही घेऊन बघावा.

दुसरा रविवार क्षेत्र महाबळेश्वरचा. बाजारपेठेपासून जुनं क्षेत्र पाच-सहा किलोमीटरवर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं असं आपण मानतो. तिथं नुसतं तीर्थ घेऊन परतू नका. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि नद्या काढायला लावा. कृष्णा वाईला येते, साताऱ्याजवळ माहुलीला तिला वेण्णा भेटते, कऱ्हाडला कोयना भेटते, मग सांगलीवरून कर्नाटक, तेलंगण, आंध्र करत जवळजवळ १४०० किलोमीटर जाऊन ती बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र आपल्याकडं पाठ फिरवून कोकणात उतरते आणि पोलादपूर-महाडकडून बाणकोटच्या खाडीत जाते. एकाच डोंगरावरचं पाणी दोन समुद्रांना जातं, हे मुलाला नकाशात कळण्याआधी पायाखाली कळलं तर ते विसरत नाही. जवळच कृष्णामाईचं जुनं दगडी देऊळ आहे, तिथून कृष्णेचं खोरं दिसतं. तिथं दहा मिनिटं बसा. आजीला नदीची गाणी येत असतील तर तिथंच म्हणायला सांगा.

बाजारपेठही अशीच दाखवता येते. 'चायनामन' धबधब्याला हे नाव का, असं मुलं विचारतात आणि आपण 'असेल काहीतरी' म्हणून गप्प करतो. इंग्रजांच्या वेळी इथं तुरुंग होता, त्यात चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी बटाटे नि भाज्यांचे मळे केले, वेताच्या टोपल्या विणल्या. धबधब्याचं नाव त्या चिनी लोकांच्या मळ्यांवरून पडलं. तेव्हा डोंगरावरच्या भाजीपाल्याच्या गोष्टीत घरापासून हजारो मैल लांब, बेड्या पडलेल्या माणसांचा घाम आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगावं. त्याला ते समजतं.

प्रतापगड बहुतेकांनी सहलीत बघितलेला असतो, पण सहलीत पळापळच जास्त. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाची भेट झाली ती गडाच्या पायथ्याशी. वर चढून खालचं जावळीचं रान बघितलं, की एवढी मोठी फौज इथं अडकली कशी हे मुलांना आपोआप उमगतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा आहे. लहान मुलं बरोबर असली तर सकाळी लवकर जा, पाणी जास्त घ्या.

घाट उतरायची तयारी असेल तर वाई आहेच. ढोल्या गणपती आणि घाट सगळ्यांना ठाऊक. त्यापलीकडं तीन किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. घाटावर एक मोठी घंटा टांगलीय. ती पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथून आलेल्या घंटांपैकी ही एक, असं सांगतात. घंटेवर मेरी आणि बाळ येशूचं चित्र कोरलेलं आहे. ते शोधायला मुलांना सांगा, तुम्ही दाखवू नका. 'स्वदेस' सिनेमातलं गाव तेही हेच. आणि मराठी विश्वकोशाचं घरही वाईच. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी इथं बसून त्या कामाचा पाया घातला, पुढं त्याचे वीस खंड झाले. शाळेच्या प्रकल्पासाठी आपली मुलं मोबाइलवर जी माहिती शोधतात, त्यातली मराठीतली बरीचशी आपल्या घाटाखाली लिहिली गेलीय, हे त्यांना माहीत नसतं.

आता पावसाचं. जूनमध्ये हंगाम संपतो, आपण भिंती गवतानं नाहीतर प्लॅस्टिकनं झाकून घेतो आणि चार महिने धुक्यात राहतो. पाहुणे याला 'बंद सीझन' म्हणतात. मला विचाराल तर आपल्या घरांचा खरा रविवार तोच. नागपंचमीची गाणी, मंगळागौरीचे खेळ, गौरी-गणपती आणि नवरात्रातला भोंडला, सगळं याच दिवसांत. मुलींबरोबर मुलग्यांनाही फेरात घ्या. फुगडी घालताना मुलगा पडला तर पडू दे. आणि आजीला जी गाणी येतात ती मोठ्या मुलांकडून वहीत उतरवून घ्या, मोबाइलवर आवाजही भरून ठेवा. मोबाइल हातातून काढून घेण्यापेक्षा त्याला हे काम दिलेलं बरं. एकाच गाण्याचे शब्द वाई, जावळी आणि कोकणात वेगळे निघतात, ते ताडून बघण्यात पोरांची दुपार मजेत जाते.

सावड करायची असेल तर पहिली बैठक गुरुवारी घ्या, शुक्रवारपासून कुणाला उसंत नसते. कोणती मुलं कुणाबरोबर, कुठल्या एसटीनं जायचं, परत कधी, आणि औषध लागणारं मूल कोणतं, एवढं एका कागदावर लिहून चारही घरांत ठेवा. डबा ज्याचा त्यानं न्यायचा. खाऊ मात्र एकीनंच आणायचा, आणि काय आणलाय ते भोंडल्याच्या खिरापतीसारखं मुलांना ओळखायला लावायचं.